तिसरं रीळ

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याची भिंत एकच होती. त्यामुळे फळीवरची भांडी दिवसभर आपोआप सरकत राहायची आणि माय स्वयंपाक करता करता, न बघता, एका हाताने ती मागे लोटायची. पाहुणे आले की पहिला दिवस त्यांचं डोकं दुखायचं. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. सकाळी शेजारच्या नळावर खानदेशी बायकांची भांडणं, गल्लीत गुजरातीत खेळणारी आमचीच पोरं, दुपारी तव्यावर कळण्याची भाकरी आणि पाट्यावर वाटलेल्या मिरचीचा ठसका. अशा त्या खोलीत, लोखंडी पलंगाखाली, बापूंचे पत्र्याचे गोल डबे होते. आमच्याकडे पाहुण्यांना झोपायला जागा नसे, पण सिनेमाला होती.

बापू म्हणजे माझे वडील. सुरतेला येण्याआधी ते खानदेशातल्या एका तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जत्रा संपली की तंबू गुंडाळायचा, पुढच्या जत्रेत उभारायचा. टीव्ही आला तसा तंबू बसला, आणि मालकाने जाताना बापूंना एक लहान प्रोजेक्टर आणि काही जुनी रिळं देऊन टाकली. ती घेऊन ते सुरतेला आले आणि लूमवर लागले. रविवारी दुपारी खिडकीला गोधडी लावायची, भिंतीवर चादर ताणायची आणि बापू सिनेमा दाखवायचे. पलीकडच्या लूमचा खडखडाट, अलीकडच्या प्रोजेक्टरचा खडखडाट, त्यात नट-नट्यांचे संवाद. आजही थिएटरात बसले की मला सगळं फार शांत वाटतं, काहीतरी बिघडलंय असं वाटत राहतं.

त्या रिळांमध्ये एक मराठी सिनेमा होता. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, घरात सगळे त्याला ‘नदीचा पिक्चर’ म्हणायचे. मायच्या लहानपणी तिच्या गावात, तापीकाठी, त्याचं शूटिंग झालं होतं. माझे आजोबा नावाडी होते. सिनेमात नायिका माहेर सोडून जाते तेव्हा जी नाव दिसते ती त्यांचीच, आणि वल्हवणारेही तेच. पुढे धरण झालं आणि ते गाव, घाट, देऊळ, सगळं उकाईच्या पाण्याखाली गेलं. आजोबा त्याआधीच वारले होते. त्यांचा फोटो कुणी काढलेला नव्हता. त्यामुळे माझे आजोबा मी पाहिले ते फक्त तिसऱ्या रिळात, डोक्याला मुंडासं बांधलेले, कॅमेऱ्याकडे बघू नका असं बजावलेलं असूनही एकदा चटकन बघून घेणारे.

माय तो सिनेमा समोर बसून कधी बघत नसे. आमच्याकडे पाठ करून ती स्टोव्हपाशी असायची. पण तिसरं रीळ लागलं की स्टोव्हची भरभर एकदम कमी व्हायची. तिने हवा सोडून तो बारीक केलेला असायचा. रीळ संपलं की पुन्हा पंप मारल्याचा आवाज. यावर घरात कुणी काही बोलत नसे.

बापूंसारखंच वेड असलेले दुसरे गृहस्थ म्हणजे हसमुखभाई. जवळच उधन्याला त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. नव्या हिंदी सिनेमांवर दुकान चालायचं, पण त्यांचा जीव जुन्यात. मुंबईच्या कंपन्या जुने सिनेमे कॅसेटवर काढू लागल्या होत्या, आणि कुठल्या महिन्यात कुठला येणार यावर हे दोघं आमच्या ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायचे. आज हे सांगितलं तर माझी मुलगी हसते. तिला वाटतं, हवा तो सिनेमा बोटाने दाबला की येतो, आधीही येत असणार. तेव्हा एखादा जुना सिनेमा थिएटरातून गेला की गेला. तो पुन्हा बघायला मिळेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसे. कॅसेट निघाली तरच तो वाचला. नदीच्या पिक्चरची मूळ निगेटिव्ह कधीच नष्ट झाली होती आणि त्याची दुसरी प्रिंट कुणाकडे असल्याचं ऐकिवात नव्हतं. बापू दर वेळी विचारायचे, ‘‘आपला नाही आला?’’ हसमुखभाई चहाची बशी खाली ठेवत म्हणायचे, ‘‘आवशे, भाऊ, आवशे.’’ येईल, येईल.

मग हसमुखभाईंनी स्वतःच खटपट केली. मुंबईच्या एका कंपनीत त्यांच्या ओळखीचे पेठे नावाचे गृहस्थ होते. पेठ्यांनी कळवलं, पूर्ण प्रिंट असेल तर आम्ही कॅसेट काढू, मी स्वतः सुरतेला येऊन ती तपासून घेऊन जातो. ही बातमी घेऊन हसमुखभाई स्कूटरवरून आले ते हॉर्न वाजवतच. माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि मान वर केली. ‘‘भाभी, तुमचं गाव आता घराघरांत दिसणार,’’ ते म्हणाले. मायने पदर सारखा केला आणि आत जाऊन त्यांच्यासाठी शेव-भाजी टाकली. एरवी सणासुदीला होणारी.

बापू मात्र त्या संध्याकाळी जेवले नाहीत. मला वाटलं, प्रिंट परक्याच्या हातात द्यायची म्हणून जिवावर आलं असेल. एकदा दिलेली रिळं परत येत नाहीत, हे ते नेहमी सांगायचे. पण त्यांचं वागणंच बदललं. पेठे येण्याचा दिवस जवळ येऊ लागला तसे ते चिडचिडे झाले. हसमुखभाई म्हणाले, ‘‘एकदा लावून बघू या, सगळं ठीक आहे ना,’’ तर म्हणाले, प्रोजेक्टरचा दिवा गेलाय. दिवा मी आदल्या आठवड्यातच बदललेला होता. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत नदीचा पिक्चर लागलाच नव्हता. दर रविवारी काही ना काही निघायचं. कधी दिवा, कधी पट्टा, कधी बापूंचा ओव्हरटाइम. आणि पलंगाखालून एक आंबट वास यायचा, नासलेल्या लोणच्यासारखा. माय रोज तिथे झाडायची, फिनाईलने पुसायची, वास जायचा नाही.

त्याच सुमाराला तापीला पूर येऊन ओसरला. सखल गल्ल्यांतून चिखल राहिला, मेलेली जनावरं राहिली. आणि मग एका सकाळी शब्द आला, प्लेग. शहरातल्या वेड रोड भागात माणसं पटापट मेली म्हणे. दुपारपर्यंत औषधाच्या दुकानांत कॅप्सूल संपल्या, संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनीच दवाखाने बंद केले. माणसं तोंडाला रुमाल बांधून उधना स्टेशनकडे निघाली, डोक्यावर ट्रंका, काखेत पोरं. दुसऱ्या दिवशी लूम थांबले. दिवाळीत थांबायचे, तेव्हा मालक मिठाईचे पुडे वाटायचे. हे थांबणं निराळं होतं. फळीवरची भांडी जागच्या जागी उभी होती. माय सवयीने हात मागे न्यायची आणि हात रिकामाच परत यायचा. पहिल्यांदाच आम्हाला एकमेकांचा श्वास ऐकू येत होता, आणि कोण खोकतंय ते भिंतीपलीकडूनही कळत होतं.

मायने गाठोडी बांधली. नंदुरबारकडे मामा होता, तिथे जायचं. बापू म्हणाले, ‘‘तुम्ही जा, मी थांबतो.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘पेठे येणार आहेत.’’

‘‘या गावात आता कुत्रं येत नही,’’ माय म्हणाली, ‘‘तुमना पेठे येतीन?’’

तेवढ्यात हसमुखभाई स्कूटरवरून आले. त्यांचा सगळा परिवार नवसारीला बहिणीकडे निघाला होता. ते रिळं न्यायला आले होते. ‘‘भाऊ, इथे ठेवू नका. मी नवसारीला नेतो. पेठ्यांना तिकडेच बोलावू.’’ बापू पलंगावर बसले होते, पाय खाली सोडून, जणू कुणी खालून डबे ओढून नेईल. ‘‘राहू दे,’’ म्हणाले. हसमुखभाईंनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. शेवटी ते दुखावले. ‘‘माझ्यावर विश्वास नाही?’’ त्यांनी विचारलं. उन्हाने तापलेला छपराचा पत्रा कडकड वाजत होता आणि दोन जिवलग माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती.

मग गल्लीतून पावलं ऐकू आली. पुढे रोहिदासभाऊ होते, आमच्या दोन घरं पलीकडे राहणारे, बापूंच्याच कारखान्यातले. मागे गल्लीतली उरलेली माणसं, तोंडाला फडकी बांधलेली. एकाच्या हातात रॉकेलचा कॅन होता. रोहिदासभाऊंची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. एकच मुलगी, पिंकी, पहिलीतली. रविवारी सिनेमाला ती माझ्या मांडीवर बसायची.

‘‘बापू, ते डबे बाहेर काढा,’’ ते म्हणाले.

‘‘का?’’

‘‘त्यात उंदीर मेलेत. सगळ्या गल्लीत वास येतोय. पिंकीला सकाळपासून ताप आहे.’’

ताप म्हटल्यावर मागची माणसं नकळत त्यांच्यापासून एक पाऊल सरकली. ते रोहिदासभाऊंच्याही लक्षात आलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

‘‘उंदीर नाहीत,’’ बापू म्हणाले. ‘‘डब्यांची झाकणं घट्ट आहेत.’’

‘‘मग वास कशाचा?’’

हसमुखभाई उठून दारात आले. ‘‘अरे, ही फिल्म आहे. फार मोलाची चीज आहे. फिल्मला कसला वास?’’ ते बापूंच्या बाजूने म्हणून बोलले, आणि त्यानेच बापू अडकले. वास फिल्मचा नाही असं ठरलं, तर मग उंदरांचाच.

‘‘जाळून टाका सगळं,’’ मागून कुणी ओरडलं. कॅनवाला पुढे सरकला. बापूंनी दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हात लावले. रोहिदासभाऊंनी त्यांचं मनगट धरलं. एकाच मशीनपाशी जेवणाचा डबा खाणारी ही दोन माणसं, एकमेकांना ढकलू लागली. मला वाटलं, आता हाणामारी होणार.

‘‘थांबा,’’ माय म्हणाली.

ती बापूंच्या हाताखालून वाकून बाहेर गेली. ‘‘जाळायचं ते मग जाळा. आधी दखा. मी एक एक डबा उघाडस. उंदीर निघना तर मन्हा हातनी काडी लावसू.’’ आणि मला म्हणाली, ‘‘शोभे, काढ.’’

मी बापूंकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच ‘नको’ म्हटलं. मी पलंगाखाली शिरले आणि डबे एकेक करून ओट्यावर सरकवले. माय उकिडवी बसली. झाकणाच्या कडेला उलथन्याचं टोक घालून ती उचकटायची, डबा तिरका करून सगळ्यांना दाखवायची, झाकण लावायची. काळी चकचकीत रिळं. माणसं माना उंच करून बघत होती. एक, मग दुसरा. कॅनवाल्याने कॅन खाली ठेवला. तिसरा डबा, नदीच्या पिक्चरच्या तिसऱ्या रिळाचा, वेगळा होता. त्याला आधी प्लॅस्टिक, वरून मायच्याच जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला. सगळ्यांत जपून ठेवलेला. मायने सुतळी सोडली. झाकण निघताच वास असा आला की पुढच्या लोकांनी नाकावर हात ठेवले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आत उंदीर नव्हता. रीळही नव्हतं. होती ती एक चिकटलेली, फुगलेली वडी, कडेने पांढरा चुरा सुटलेली. मायने बोट लावलं तर कपची निघाली. तिने ती कपची उजेडात धरली. तीत काहीच दिसत नव्हतं.

तिने मान वळवून बापूंकडे पाहिलं. ते दारात तसेच उभे होते, हात चौकटीला. हसमुखभाई म्हणाले, ‘‘हाय हाय, भाऊ.’’

‘‘काय आहे ते?’’ रोहिदासभाऊंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

‘‘मन्हं माहेर शे,’’ माय म्हणाली, आणि झाकण लावलं.

मग माय उठली, हात पदराला पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘‘पोर कोठे शे?’’ रोहिदासभाऊंनी घराकडे बोट केलं. ती सरळ तिकडे चालत गेली, ज्या घरात त्या दिवशी कुणी पाऊल टाकलं नसतं, आणि पिंकीला खांद्यावर घेऊन बाहेर आली. रिक्षा एकही नव्हती. हसमुखभाईंनी स्कूटर चालू केली, बापू पिंकीला मांडीवर घेऊन मागे बसले, रोहिदासभाऊ स्कूटरमागे पळत निघाले. ते सरकारी दवाखान्यातून परत येईपर्यंत माय ओट्यावरच बसून होती. पिंकीला मलेरिया निघाला. त्या दिवसांत मलेरिया निघाला म्हणून माणसं रडत होती, आनंदाने.

आम्ही नंदुरबारला गेलो. तिथेही सुरतेची माणसं आली म्हणून लोकांनी दारं लावली, मामाने आम्हाला शेतातल्या खोपटात ठेवलं. माय बापूंशी कामापुरतं बोलायची. मी तुरीच्या ओळींमध्ये बसून त्यांना न दिसता ऐकत असे, पण ऐकायला काही नसायचं. एके दुपारी बापूच म्हणाले, ‘‘बोल काय बोलायचं ते.’’

‘‘माले सांगं नही तुम्ही.’’

‘‘कसं सांगणार होतो? मागच्या पावसाळ्यात उघडलं तेव्हा कडा चिकटायला लागल्या होत्या. वाटलं, गुंडाळून ठेवलं तर वाचेल. तुझा बाप मी सांभाळतोय, एवढाच माझा तोरा होता तुझ्यासमोर. तो गेला असं कुठल्या तोंडाने सांगू?’’

माय मिरच्या खुडत राहिली. ‘‘स्टोव्ह बारीक करी करी थकनू मी,’’ ती म्हणाली. ‘‘वाट दखत बसनू. माले वाटे, आते लावतीन.’’ बापूंनी तोंड फिरवलं. आज त्यांच्या वयाला पोहोचल्यावर मला वाटतं, त्या दोघांनी एकमेकांपासून लपवलं ते एकच होतं, त्या रिळात अडकलेला जीव. फक्त ते विचारायचं कुणी, एवढंच अडलं होतं.

साथ ओसरली, लूम पुन्हा सुरू झाले आणि पेठे खरोखरच आले, हिवाळ्यात. ते चपला काढत असतानाच बापूंनी सांगून टाकलं, तिसरं रीळ गेलं आहे. पेठ्यांनी तरीही सगळं तपासलं. वडी हातात घेऊन म्हणाले, ही अशी आजारी फिल्म बंद करून ठेवू नये, तिला मोकळी हवा लागते. प्लॅस्टिकमुळे ती लवकर गेली. उरलेली रिळं पेठे घेऊन गेले. कंपनीचं काही खरं नाही, अपुऱ्या सिनेमाची कॅसेट कोण काढणार, असं ते जाताना म्हणाले.

पण काढली. बरेच महिने गेले, आम्ही आशा सोडली होती, आणि हसमुखभाई हॉर्न वाजवत आले. रविवारी त्यांच्या लायब्ररीत सगळे जमलो. आम्ही, रोहिदासभाऊ, पिंकी, गल्लीतले कितीतरी. बापूंनी मायला खुर्ची दिली, सगळ्यांत पुढे. ती पहिल्यांदाच त्या सिनेमाकडे तोंड करून बसली होती. चित्र स्वच्छ होतं, आवाज स्वच्छ होता. मी मात्र पडदा बघतच नव्हते, मायला बघत होते. नायिका घाटाकडे निघाली, कमरेवर घागर, आणि पुढच्याच क्षणी ती सासरच्या अंगणात रांगोळी काढत होती. सांधा इतका बेमालूम होता की कुणाला काही खटकलं नाही. रोहिदासभाऊ तोंडात शेंगदाणे टाकत होते. गोष्ट छान पुढे चालली होती. गावाशिवाय, नावेशिवाय, तिचं काहीच अडलं नव्हतं.

‘‘थांबाडा,’’ माय म्हणाली.

हसमुखभाईंनी चटकन बटण दाबलं. नायिका रांगोळीवर वाकलेली, पडद्यावर थरथरत उभी राहिली.

‘‘आठे घाट व्हता,’’ माय म्हणाली. ‘‘पायऱ्या काळ्या, खालन्या दोन तुटेल.’’ आणि ती सांगू लागली. आमच्याकडे नाही, समोर बघत. वडाच्या पारावर कोण बसायचं, नावेला कुठला रंग होता, शूटिंगवाल्यांनी तिच्या बापाला नवं मुंडासं दिलं ते त्याने कसं नाकारलं, आईने त्या दिवशी सगळ्या युनिटला बाजरीच्या भाकरी कशा थापून दिल्या. गावाविषयी इतकं तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तिची अहिराणी हसमुखभाईंना अर्धीच कळत होती. बापू तिच्या खुर्चीमागे उभे होते, खाली मान घालून.

टेप झिजू नये म्हणून ते यंत्र थोड्या वेळाने थांबवलेलं चित्र आपणहून सोडून देत असे. मध्येच खट्ट झालं, नायिका रांगोळीवरून उठली, बोलायला लागली. माय गप्प झाली. हसमुखभाईंनी पुन्हा बटण दाबलं. ‘‘बोला, भाभी,’’ ते म्हणाले, आणि बोट तिथेच ठेवून बसले.